रॉबर्ट बारानी

रॉबर्ट बारानी (२२ एप्रिल, १८७६:व्हिएन्ना, ऑस्ट्रिया-हंगेरी - ८ एप्रिल, १९३६:उप्साला, स्वीडन) हे ऑस्ट्रियात जन्मलेले कर्णरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे कार्य व तिचे विकार यांवरील संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. भोवळ किंवा घेरी येणाऱ्या रुग्णाचा दोष कानात आहे की मेंदूत, हे रुग्णाच्या खाटेपाशीच ठरवता येईल अशा सोप्या परीक्षा त्यांनी वैद्यकाला दिल्या. कानात कोमट किंवा गार पाणी सोडून करण्याची उष्मा परीक्षा ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा बारानी रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होते.

बालपण व शिक्षण

बारानी यांचा जन्म व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते थोरले होते. त्यांचे वडील मूळचे हंगेरीचे असून शेतीच्या मोठ्या मालमत्तेचे व्यवस्थापक होते. आई मारिया हॉक या प्राग येथील एका विद्वानाच्या कन्या होत्या. घरातील अभ्यासू वातावरण मुख्यतः आईमुळे निर्माण झाले होते.

लहानपणीच बारानी यांना हाडांचा क्षयरोग झाला. रोग आटोक्यात आला, परंतु एक गुडघा कायमचा ताठ राहिला. या दुखण्यामुळेच त्यांचे लक्ष वैद्यकाकडे वळले असे मानले जाते. पाय अधू असूनही ते टेनिस खेळत आणि डोंगर चढत.

१९०० साली त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर फ्रँकफुर्ट येथे कार्ल फोन नोर्डेन यांच्याकडे त्यांनी कायचिकित्सेचा अनुभव घेतला. पुढे हायडेलबर्ग येथे एमील क्रेपेलीन यांच्या रुग्णालयात व फ्रायबर्ग येथे ते मानसोपचार व मज्जाविकार शिकले. व्हिएन्नाला परतल्यावर कार्ल गुसेनबाउअर यांच्या हाताखाली त्यांनी शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. १९०३ मध्ये ते अ‍ॅडम पोलित्सर यांच्या कर्णरोग विभागात रुजू झाले. पोलित्सर हे त्या काळी युरोपातील अग्रगण्य कर्णरोगतज्ज्ञ होते आणि निरनिराळ्या देशांतील डॉक्टर त्यांच्याकडे शिकण्यासाठी येत. मज्जाविकार, शस्त्रक्रिया आणि कर्णरोग या तिन्ही शाखांचा परिचय असल्याचा बारानी यांना पुढे फार उपयोग झाला.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भोवळ हा मेंदूचा विकार समजला जात असे. डोक्यात रक्त चढल्याने ती येते अशी समजूत असल्यामुळे रुग्णाचे रक्त काढणे, जळवा लावणे असे उपचार केले जात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर फ्लूरांस यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या, तेव्हा ते पक्षी गोल गोल फिरू लागले. ऐकण्याशी या नलिकांचा संबंध नसावा असे त्यावरून सूचित झाले, परंतु माणसाच्या आजाराशी त्याची सांगड लगेच घातली गेली नाही.

पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेन्येर यांनी १८६१ मध्ये ती सांगड घातली. अचानक येणारी भोवळ, कानात होणारा आवाज व कमी होत जाणारी श्रवणशक्ती ही लक्षणे एकत्र आढळल्यास मूळ दोष अंतर्कर्णात असतो, असे त्यांनी मांडले. पुढे १८७० च्या दशकात एर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर आणि अलेक्झांडर क्रम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की डोके वळले की नलिकांतील द्रव मागे रेंगाळतो व त्यामुळे नलिकेतील संवेदनशील केस वाकतात. फुगडी खेळून एकदम थांबले असता भोवतालचे जग काही क्षण फिरतच राहते, त्याचे कारण हेच. शरीर थांबलेले असते, परंतु कानातील द्रव थांबलेला नसतो.

हा सिद्धांत मुख्यतः प्राणी व निरोगी माणसे यांवरील निरीक्षणांवर आधारलेला होता. रुग्णाच्या एका कानातील यंत्रणा जिवंत आहे की मेली आहे, हे डॉक्टरला कळण्याचा भरवशाचा मार्ग नव्हता. बारानी यांचे कार्य येथून सुरू होते.

उष्मा परीक्षा

कान वाहणाऱ्या रुग्णांचे कान पिचकारीने धुणे हे कर्णरोग विभागातील रोजचे काम होते. कान धुताना काही रुग्णांना घेरी येते, ही गोष्ट तेथील सर्वांनाच ठाऊक होती. बारानी यांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहिले असता डोळ्यांची विशिष्ट हालचाल त्यांना दिसली. बुबुळे एका बाजूला सावकाश सरकत आणि झटक्याने उलट दिशेला परत येत. या हालचालीला नेत्रदोल म्हणतात आणि झटक्याची जी दिशा ती नेत्रदोलाची दिशा मानतात.

एका रुग्णाने पाणी फार गार असल्यामुळे घेरी येते अशी तक्रार केली. पुढच्या वेळी बारानी यांनी पाणी गरम करून घेतले. ते जास्त गरम झाले आणि रुग्णाला पुन्हा घेरी आली. या वेळी मात्र नेत्रदोलाची दिशा उलटी होती. शरीराच्या तापमानाइतके पाणी वापरले असता नेत्रदोल होत नाही आणि घेरीही येत नाही, हे त्यानंतर स्पष्ट झाले. यावरून कारण पाणी किंवा त्याचा दाब हे नसून तापमानातील फरक हे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

तापमानाचा परिणाम कसा घडतो याचे उत्तर त्यांना घरातील न्हाणीघराच्या बंबात सापडले. बंबातील पाणी तापू लागले की गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि गार पाणी खाली राहते. बाह्यकर्णात सोडलेल्या पाण्याची ऊब किंवा गारवा हाडातून आतल्या नलिकेपर्यंत पोहोचतो. नलिकेचा त्या बाजूचा द्रव तापला तर वर चढतो व गार झाला तर खाली उतरतो. डोके न हलवताही नलिकेत प्रवाह निर्माण होतो आणि मेंदूला डोके फिरत असल्याचा निरोप मिळतो.

हे अनुमान त्यांनी डोक्याची स्थिती बदलून तपासले. आडवी नलिका उभी होईल अशा रीतीने डोके सुमारे ६० अंश मागे झुकवले असता परिणाम सर्वांत ठळक दिसतो. डोके त्याच्या उलट स्थितीत नेले की नेत्रदोलाची दिशा बदलते. द्रवाचे वर-खाली होणे गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्यामुळे असेच घडणे अपेक्षित होते.

निरोगी माणसात गार पाण्याने विरुद्ध बाजूस आणि गरम पाण्याने त्याच बाजूस नेत्रदोल होतो. ज्या कानातील तोलाची यंत्रणा नष्ट झाली आहे, त्या कानात कितीही गार किंवा गरम पाणी सोडले तरी डोळे हलत नाहीत. दोन्ही कान वेगवेगळे तपासता येणे हे या परीक्षेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होते. १९०६ मध्ये बारानी यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले आणि १९०७ मध्ये अर्धवर्तुळाकार नलिकांचे कार्य व विकार यांवर ग्रंथ लिहिला. १९०९ मध्ये त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला.

अन्य परीक्षा व साधने

फिरती खुर्ची : रुग्णाला खुर्चीत बसवून ठरावीक वेळात ठरावीक फेरे द्यायचे, एकदम थांबवायचे आणि नेत्रदोल किती वेळ टिकतो ते मोजायचे, अशी ही परीक्षा आहे. फिरवण्याच्या परीक्षा पूर्वीही होत्या. बारानी यांनी त्यांना रुग्ण तपासणीसाठी निश्चित स्वरूप दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या निवडीसाठी ही खुर्ची वापरली जाऊ लागली. वैमानिकांच्या प्रशिक्षणात तिचा उपयोग आजही होतो आणि ती बारानी खुर्ची या नावानेच ओळखली जाते.

निर्देश परीक्षा : रुग्णाने हात पुढे करून डॉक्टरच्या बोटाला आपले बोट लावायचे, नंतर डोळे मिटून हात खाली न्यायचा व पुन्हा त्याच जागी आणायचा. निरोगी माणसाचे बोट नेमके जागेवर येते. अंतर्कर्णातील दोषामुळे दोन्ही हात एकाच बाजूला चुकतात. अनुमस्तिष्काच्या, म्हणजे लहान मेंदूच्या एका बाजूला विकार असल्यास त्याच बाजूचा हात चुकतो. कोणतेही उपकरण न लागणारी ही परीक्षा कान व मेंदू यांतील दोष वेगळे करण्यास उपयोगी पडली.

गोंगाट पेटी : एका कानाचा बहिरेपणा तपासताना दुसरा चांगला कान आवाज पकडतो आणि परीक्षा फसते. हे टाळण्यासाठी चांगल्या कानात सतत खडखडाट करणारे घड्याळी यंत्राचे एक छोटे साधन बारानी यांनी तयार केले. एका बाजूचा पूर्ण बहिरेपणा निश्चित करण्यासाठी ते अनेक वर्षे वापरात होते.

कर्णशस्त्रक्रियेवरील परिणाम

या परीक्षांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील कर्णरोगांचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. पेनिसिलिन उपलब्ध होण्यास अजून तीन दशकांहून अधिक काळ होता. वाहता कान हा किरकोळ आजार नव्हता. मध्यकर्णातील पू हाड पोखरून कधी अंतर्कर्णात, कधी मेंदूच्या आवरणात, तर कधी लहान मेंदूत उतरत असे. अंतर्कर्णाचा दाह आणि लहान मेंदूतील गळू या दोन्हींत रुग्णाला भोवळ, ओकारी आणि नेत्रदोल ही लक्षणे होतात. पहिल्या स्थितीत अनेकदा थांबून पाहणे हिताचे असे, तर दुसऱ्या स्थितीत विलंब झाल्यास रुग्ण दगावत असे. उलट, गळू नसताना कवटी उघडणे हेही जिवावरचे साहस होते.

हा निर्णय शल्यचिकित्सकाला अंदाजानेच घ्यावा लागे. बारानी यांच्या परीक्षांमुळे त्याला आधार मिळाला. रोगट कानात पाणी सोडूनही नेत्रदोल झाला, तर अंतर्कर्ण अजून काम करत आहे हे कळे, आणि मग रुग्णात दिसणाऱ्या लक्षणांचे मूळ मेंदूत शोधावे लागे. नेत्रदोल झालाच नाही, तर अंतर्कर्ण नष्ट झाल्याचे निश्चित होई. नष्ट झालेल्या अंतर्कर्णात पू असताना केवळ कानामागचे हाड कोरण्याची नेहमीची शस्त्रक्रिया केल्यास संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पसरण्याचा धोका असे. अशा वेळी अंतर्कर्णही उघडून स्वच्छ करावा की नाही, याचा विचार या परीक्षांमुळे आधीच करता येऊ लागला.

पहिले महायुद्ध व बंदिवास

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर बारानी यांनी ताठ गुडघ्याचे कारण पुढे न करता स्वेच्छेने ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय सेवा पत्करली. त्यांची नेमणूक आजच्या पोलंडमधील प्शेमिशल या किल्ल्यात झाली. डोक्याला गोळी लागलेल्या जखमींवर उपचार करताना मेंदू व अनुमस्तिष्क यांच्या कार्याचा अभ्यास करता येईल, हाही त्यांचा हेतू होता. मेंदूच्या जखमा उघड्या ठेवून त्यांतील पू वाहू देण्याची तेव्हा पद्धत होती. बारानी यांनी जखम लवकर कोरून स्वच्छ करण्याची व लगेच टाके घालून बंद करण्याची पद्धत अवलंबली आणि तिच्यामुळे संसर्ग कमी होतो असे दाखवले.

दीर्घ वेढ्यानंतर २२ मार्च १९१५ रोजी प्शेमिशल रशियाच्या हाती पडले. एक लाखाहून अधिक सैनिक कैद झाले आणि त्यांत बारानीही होते. त्यांची रवानगी मध्य आशियातील मर्व्ह येथे झाली. हे ठिकाण आज तुर्कमेनिस्तानात आहे. तेथे त्यांना हिवताप झाला. डॉक्टर म्हणून त्यांची कीर्ती मात्र तेथेही उपयोगी पडली आणि त्यांना बरी वागणूक मिळाली. कैदेतील सैनिकांबरोबरच रशियन अधिकारी आणि गावातील लोक यांच्यावरही ते उपचार करीत.

नोबेल पारितोषिक

१९१४ सालचे वैद्यकाचे पारितोषिक त्या वर्षी जाहीर झाले नव्हते. ते राखून ठेवून १९१५ मध्ये एकट्या बारानी यांना देण्यात आले. ही बातमी त्यांना मर्व्ह येथील छावणीत कळली. रेड क्रॉसच्या वतीने स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रशियाकडे रदबदली केली आणि १९१६ मध्ये बारानी यांची सुटका झाली. स्टॉकहोम येथे स्वीडनच्या राजाच्या हस्ते त्यांनी पारितोषिक स्वीकारले. ११ सप्टेंबर १९१६ रोजी त्यांनी नोबेल व्याख्यान दिले. त्याचा विषय तोलाची यंत्रणा व अनुमस्तिष्क यांच्या तपासणीच्या नव्या पद्धती हा होता.

व्हिएन्नातील वाद

सुटकेनंतर बारानी व्हिएन्नाला परतले, तेव्हा त्यांचे स्वागत गौरवाने झाले नाही. पूर्वसूरींच्या व सहकाऱ्यांच्या कार्याचा त्यांनी आपल्या लेखनात पुरेसा उल्लेख केला नाही, असा आरोप तेथील काही तज्ज्ञांनी केला. कान धुताना भोवळ येते हे निरीक्षण नवे नव्हते आणि नलिकांतील द्रवाचा सिद्धांत ब्रॉयर व इतरांनी आधीच मांडलेला होता, हे खरे आहे. परंतु उष्णतेचा परिणाम ओळखणे, त्याचे कारण शोधणे आणि त्यातून रुग्ण तपासणीची पद्धत उभी करणे हे बारानी यांचे स्वतंत्र कार्य होते. नोबेल पारितोषिकही याच कार्यासाठी दिले गेले होते.

विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. तेथील ज्यूविरोधी वातावरणाचाही या प्रकरणात वाटा होता असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. गुन्नार होल्मग्रेन व इतर स्वीडिश तज्ज्ञ बारानी यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्या शहरात जन्म, शिक्षण व संशोधन झाले ते शहर बारानी यांनी अखेर सोडले.

उप्साला येथील कार्य

१९१७ मध्ये बारानी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले. तेथील कर्णरोग विभाग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. १९२६ मध्ये ते तेथे पूर्ण प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्याच ठिकाणी राहिले.

उप्साला येथे असताना १९२१ मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ती विशिष्ट कुशीवर वळली की तिला काही क्षण तीव्र भोवळ येई व नेत्रदोल होई. अंतर्कर्णातील सूक्ष्म चुनखडी कणांच्या अवयवात दोष असावा, असे त्यांनी सुचवले. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी हा विकार ओळखण्याची पद्धत निश्चित केली. जागेवरून सुटलेले हे कण अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्यामुळे हा विकार होतो, असे आता मानले जाते. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी डोके क्रमाने वळवून ते कण परत जागेवर नेण्याची उपचारपद्धती बसवली. कुशीवर वळताना किंवा वर पाहताना येणाऱ्या भोवळीचे हे सर्वांत नेहमीचे कारण असून बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात.

याशिवाय नाकालगतच्या पोकळ्यांमधील जुनाट दाहावरील शस्त्रक्रिया, मेंदूच्या बाह्य थराची रचना आणि अनुमस्तिष्काचे कार्य या विषयांवरही त्यांनी संशोधन केले.

व्यक्तिगत जीवन व निधन

बारानी यांचा विवाह १९०९ मध्ये इडा बेर्गर यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे व एक मुलगी होती. दोन्ही मुलगे पुढे स्वीडनमध्ये वैद्यक क्षेत्रात प्राध्यापक झाले. बारानी यांना संगीताची आवड होती.

अखेरच्या काळात त्यांना पक्षाघाताचे झटके आले. ८ एप्रिल १९३६ रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले. साठावा वाढदिवस त्या वेळी अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता.

वारसा

बारानी यांच्या उष्मा परीक्षेला १९४२ मध्ये फिट्झजेराल्ड व हॉलपाइक यांनी प्रमाणित स्वरूप दिले. त्यात शरीराच्या तापमानाहून सात अंश कमी व सात अंश अधिक, म्हणजे ३० व ४४ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी वापरले जाते. आता डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्याने नोंदवली जाते आणि काही ठिकाणी पाण्याऐवजी गार व गरम हवा सोडतात. परीक्षेचे तत्त्व मात्र तेच आहे.

१९८३ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून नेलेल्या स्पेसलॅब-१ या प्रयोगशाळेत अंतराळवीरांवर ही परीक्षा करण्यात आली. गुरुत्वाकर्षण जाणवत नसताना द्रव वर-खाली होणार नाही व नेत्रदोल होणार नाही, अशी बारानी यांच्या सिद्धांतानुसार अपेक्षा होती. प्रत्यक्षात नेत्रदोल दिसला. तापमानाने द्रवाचे प्रसरण होणे किंवा मज्जातंतूंवर थेट परिणाम होणे अशी कारणेही त्यात असावीत, असे त्यावरून मानले जाते. पृथ्वीवर बारानी यांनी सांगितलेले कारण मुख्य ठरते.

कर्णशस्त्रक्रियेचे स्वरूपही बारानी यांच्या हयातीतच बदलू लागले होते. १९२१ मध्ये स्वीडनमधील कार्ल-ओलोफ न्यूलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रथमच सूक्ष्मदर्शक वापरला. मेन्येरच्या विकारात औषधांनी गुण न आल्यास अंतर्कर्णातील द्रवाच्या पिशवीवर शस्त्रक्रिया करणे, तोलाची चेता कापणे किंवा कानात औषध टोचणे असे पर्याय आज उपलब्ध आहेत. यांपैकी कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी कोणता कान दोषी आहे व दुसरा किती सक्षम आहे, हे पाहावे लागते आणि त्यासाठी उष्मा परीक्षा उपयोगी पडते.

भारतातील वैद्यकीय अभ्यासक्रमात कान-नाक-घसा या विषयात या परीक्षा शिकवल्या जातात. मराठवाड्यात नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील विद्यार्थ्यांना हा विषय अभ्यासावा लागतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या भारतीय कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभ मृत झाल्याचे प्रमाणित करण्यासाठी ज्या तपासण्या नमूद कराव्या लागतात, त्यांत दोन्ही कानांच्या उष्मा परीक्षेचा समावेश आहे. कानात बर्फासारखे गार पाणी सोडूनही डोळे हलले नाहीत, तर मस्तिष्कस्तंभाचे कार्य थांबल्याच्या पुराव्यांपैकी तो एक मानला जातो. अवयवदानाच्या निर्णयाआधी ही तपासणी इतर तपासण्यांसह ठरावीक अंतराने दोनदा करावी लागते.

१९६० मध्ये तोलाच्या यंत्रणेवर संशोधन करणाऱ्या तज्ज्ञांची बारानी सोसायटी ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भोवळीच्या विकारांच्या व्याख्या व वर्गीकरण ठरवण्याचे काम ही संस्था करते. उप्साला विद्यापीठातर्फे या क्षेत्रातील कामगिरीसाठी बारानी यांच्या नावाचे पदक दिले जाते. कानाशी संबंधित संशोधनासाठी यानंतरचे नोबेल पारितोषिक १९६१ मध्ये ध्वनीच्या अंतर्कर्णातील प्रवासाचा उलगडा करणारे गेओर्ग फोन बेकेशी यांना मिळाले.